पासिंग झाले म्हणजे गाडी चांगली झाली काय?

कापडाच्या बाजारात ताग्याची वरची घडी पाहून कोणी सौदा करीत नाही. आपण तागा उलगडतो, पन्ना मोजतो, कापड उजेडासमोर धरतो आणि मगच भाव बोलतो. पण हाच पारखी व्यापारी आपल्या जुन्या डिझेल गाडीच्या बाबतीत मात्र आर.टी.ओ.चा एक कागद पाहतो आणि निर्धास्त होतो. ही निर्धास्ती किती महागात पडू शकते, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या पेठांत छोटी डिझेल गाडी ही चैनीची वस्तू नव्हे. सकाळी नमुने घेऊन जायचे, संध्याकाळी उधारी वसूल करून परतायचे आणि अडचणीच्या वेळी मागची सीट पाडून चार तागेही आणायचे, अशी तिची चाकरी असते. ३० डिसेंबर १९९८ रोजी टाटांची इंडिका बाजारात आली, तेव्हा अनेक मध्यम व्यापाऱ्यांना प्रथमच डिझेलवर चालणारी छोटी गाडी परवडली. पिंपरी-चिंचवडला तयार होणाऱ्या या गाडीचे १४०५ सी.सी.चे साधे इंजिन गल्लीतल्या मिस्त्रीलाही उलगडत असे. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. परंतु तिच्या आणि इतर कंपन्यांच्या त्या पिढीतल्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या मालकांसमोर पासिंगचा प्रश्न उभा आहे.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. पिवळ्या पाटीच्या गाडीला मात्र ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते.

१ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये केले. उशीर झाल्यास दंड वेगळा. तरीही मुदत चुकवू नये. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या एका मोटारीच्या चोरीचा विमादावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नामंजूर ठरविला होता. म्हणजे कागद नसेल तर नुकसान आहेच. प्रश्न एवढाच की, कागद असला म्हणजे नुकसान टळते काय?

कसारा घाटातला धडा

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती, माझी होती. १५ वर्षे पूर्ण झाली तेव्हा एका माहितगाराने सल्ला दिला, "शेठ, खर्च कशाला करता? खालून काळा रंग मारा, एका दिवसापुरते दुसऱ्याचे टायर लावा, बाकी होऊन जाईल." मी तसेच केले. दिवे लागले, हॉर्न वाजला, वायपर फिरला, चासीचा नंबर जुळला आणि गाडी पास झाली.

पुढे महिनाभराने मी आणि पुतण्या मुंबईकडे निघालो. मागे माल होता. कसारा घाट उतरताना मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून होतो. मध्येच पेडल मऊ लागू लागले आणि एका वळणावर ते थेट खाली गेले. पुतण्या ओरडला, "चाचा, गिअर टाका!" दुसऱ्या गिअरमध्ये घालून, हातब्रेक हळूहळू ओढत, गाडी डोंगराच्या कडेला घासून थांबली. अल्लाहच्या कृपेने दोघांनाही काही झाले नाही. नवा कोरा दाखला मात्र समोरच्या खणात जसाच्या तसा होता.

मिस्त्रीने उघडून पाहिले तेव्हा ब्रेक ऑइल काळे पडलेले होते. ते कित्येक वर्षांत बदललेच नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. उतारावर ब्रेक तापले की त्यातले पाणी उकळते, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक दाबत नाही. थंड गाडीला मैदानात दोन मिनिटे चालवून हा दोष दिसत नाही.

तपासणी काय पाहते, काय पाहत नाही?

२०२१ च्या नियमांनी यंत्राने तपासणी करणाऱ्या केंद्रांची व्यवस्था आणली. तेथे चाके रोलरवर फिरवून ब्रेकचा जोर मोजतात. दिव्यांचा झोत, चाकांची दिशा आणि धूरही यंत्रच मोजते. माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्र बरे, कारण त्याला काळा रंग दाखवून फसविता येत नाही. तरीही यंत्र त्या दिवसाचा, त्या घटकेचा हिशेब सांगते. ब्रेक ऑइलचे वय, रबरी नळीला आतून पडलेली चीर, संपत आलेला टायमिंग बेल्ट या गोष्टी त्याच्याही नजरेतून सुटू शकतात.

धुराचेही तसेच आहे. बी.एस. ४ पूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ आणि बी.एस. ४ गाडीला ५० हार्टरिज युनिट ही मर्यादा आहे. ही चाचणी जागेवर उभे राहून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून होते. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर, नोझल आणि पंप पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. हा आजार मोठा. नोझल न पाहता केवळ पंपाचे डिझेल कमी करून धूर लपविणारे कारागीर आहेत. त्याने चाचणी निघते, पण चढावर गाडी दम टाकते.

ब्रिटनमध्ये १९६० पासून अशी तपासणी चालू आहे. तेथे ३ वर्षांवरील गाडी दरवर्षी तपासतात, आणि गाडीच्या नंबरावरून ती पूर्वी कशात नापास झाली, किती मैल चालली होती, हे कोणीही पाहू शकतो. आपल्याकडे गिऱ्हाईक सहसा पाहतो ती मुदतीची तारीख. म्हणून गाडीची खरी वही मालकानेच ठेवली पाहिजे.

पासिंगच्या एक महिना आधी

गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा पेचकसाने टोचून पाहावा. गंजून सडलेला भाग रंगाने झाकू नये, कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. पुढची चाके उचलून हलवावीत. खडखड झाली तर बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा बेअरिंग गेले आहे असे समजावे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टायर बाद. ब्रेकचे पॅड, लायनर, सिलिंडर आणि नळ्या तपासून ऑइल बदलावे. हातब्रेक चढावर लावून पाहावा. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो केव्हा बदलला याची खात्री करूनच धुराची चाचणी द्यावी. जुना बेल्ट त्या जोरात तुटला तर इंजिन उघडण्याची पाळी येऊ शकते.

या सर्व कामाचा अंदाज मिस्त्रीकडून आधी लेखी घ्यावा. तो गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल तर मोह सोडावा आणि गाडी अधिकृत केंद्रात मोडीत द्यावी. केवळ जुने नाते म्हणून सडलेल्या गाडीत मुलाबाळांना बसविणे हा हिशेब नव्हे.

आणि अशी गाडी विकायची झालीच, तर घेणाऱ्याला तिचा प्रत्येक ऐब सांगून विकावी. भिजलेला माल कोरड्याखाली लपविणाऱ्याला आपल्यात काय म्हणतात, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. "पासिंग ताजे आहे" एवढे सांगून गप्प बसणे, हेही लपविणेच आहे.

पासिंगचा कागद पोलिसाला दाखविण्यासाठी असतो. घाटात गाडी थांबते ती ब्रेकने. तेव्हा कागद वेळेवर करावा, पण त्याआधी तागा उलगडून पाहावा.