मागचे ब्रेक बदलताना

जुने काढून नवे बसविले की सुधारणा झाली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. यंत्राच्या बाबतीत ती नेहमीच खरी ठरत नाही. अमेरिकेत जुन्या ट्रकच्या मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसविण्याचा उद्योग अनेक हौशी लोक करतात. तेथे ‘ट्रक’ म्हणजे पुष्कळदा आपण जिला पिकअप म्हणतो ती उघड्या हौद्याची गाडी. १९७३ ते १९८७ या काळातील शेव्हरोले सी-१० ही त्यांपैकीच एक. तिच्या पुढच्या चाकांना कारखान्यातूनच डिस्क ब्रेक येत. मागे मात्र ड्रम असत.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दोन अर्धगोल शू दाबतात. फिरता ड्रम शूला स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून पायाला जोर कमी लागतो. परंतु ड्रम तापला की फुगून शूपासून दूर सरकतो, घर्षण घटते आणि पेडल खाली जाऊ लागते. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना तिचा बहुतेक भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतो. हे ध्यानात घेतले म्हणजे भरलेली गाडी लांब उतारावर का धोक्यात येते ते कळेल. डिस्क उघडी असते. ती लवकर निवते आणि पाणीही झटकून टाकते.

प्रत्यक्ष काम असे चालते. डिफरन्शियलचे झाकण उघडून दोन्ही ॲक्सल बाहेर काढतात, ड्रममागची पत्र्याची थाळी सोडवितात आणि तिच्या जागी कॅलिपर धरणारा ब्रॅकेट बसवितात. कॅलिपरमधील हवा काढण्याचा स्क्रू वरच्या बाजूस यावा लागतो. डावा-उजवा कॅलिपर उलटसुलट बसला तर हवा आत अडकते व पेडल मऊ राहते.

एवढ्याने काम संपत नाही. डिस्कला स्वतःहून ओढून घेण्याची सोय नसल्याने तेलाचा दाब अधिक लागतो, आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने तेलही जास्त लागते. म्हणून मास्टर सिलिंडर त्याला जुळणारा हवा. जुन्या सिलिंडरात ड्रमसाठी थोडा दाब रोखून धरणारी झडप असल्यास ती काढावी लागते. नाहीतर पॅड डिस्कला घासत राहतात.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न समतोलाचा. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. हौदा रिकामा असेल तर मागच्या चाकांवर मुळातच वजन थोडे. अशा वेळी मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. यासाठी मागचा दाब कमीजास्त करणारी झडप बसवून, मोकळ्या मैदानात हळूहळू वेग वाढवीत ती अशी जुळवावी लागते की पुढची चाकेच आधी जाम व्हावीत. हँडब्रेकची सोयही नव्याने करावी लागते. ती नसलेले कॅलिपर बसविले, तर चढावर उभी केलेली गाडी केवळ गिअरच्या भरवशावर राहते.

मग हा खटाटोप करावा की नाही? जी गाडी ओझे ओढते, डोंगराळ रस्त्यांवर धावते, तिला याचा खरा लाभ आहे. जी रिकामीच गावात फिरते, तिला नीट जुळविलेले ड्रम पुरेसे आहेत. कारण थांबविण्याचे बरेचसे काम पुढची चाकेच करतात. ब्रेक चारही चाकांचा मिळून एक असतो. एका टोकाला हात लावणाऱ्याने दुसऱ्या टोकाचा हिशेब आधी करावा, कारण हिशेब चुकला तर त्याची किंमत रस्त्यावरच्या तिऱ्हाइतालाही मोजावी लागते.