धूसर आकड्यांचा हिशेब

पावसात भिजलेली रोजमेळाची वही डोळ्यांसमोर आणावी. शाई पसरलेली, एखादा आकडा तीनाचा की आठाचा, हे उमगत नाही. अनुभवी मुनीम असा आकडा सुटा वाचीत नाही. आदल्या दिवसाची शिल्लक, त्या दिवसाची जमा-नावे आणि पुढची शिल्लक यांचा मेळ घालून तो पुसट अक्षर ओळखतो. मोबाइल फोनलाही हवेतून आलेले पुसट संकेत असेच लावून घ्यावे लागतात. त्यासाठीची सुप्रसिद्ध रीत प्राध्यापक अँड्र्यू विटर्बी यांनी 1967 मध्ये मांडली.

विटर्बी यांचा जन्म 1935 मध्ये इटलीतील बर्गामो येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील नेत्रवैद्य. 1938 च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांचे पद गेले आणि 1939 मध्ये, महायुद्धाला तोंड फुटण्याच्या सुमारास, कुटुंबाने अमेरिका गाठली. एमआयटीतील शिक्षणानंतर विटर्बी कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत रुजू झाले. नोकरी सांभाळूनच त्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट 1962 मध्ये मिळविली आणि पुढे लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात ते शिकवू लागले.

तेथेच ही रीत जन्मली, आणि तीही वर्गातील अडचणीतून. संदेशरक्षक संकेतांविषयीची किचकट सिद्धता विद्यार्थ्यांच्या गळी उतरेना, म्हणून ते सोपी मांडणी शोधीत होते. वहीत वीस आकडे संशयित असतील व प्रत्येकाची दोन वाचने संभवत असतील, तर एकूण वाचने 10,48,576 होतात. ती सारी कोण तपासणार? विटर्बींची युक्ती अशी, की प्रत्येक दिवसअखेर जितक्या शिल्लका संभवतात, त्यांपैकी प्रत्येकीपर्यंत पोहोचणारे सर्वांत विश्वसनीय असे एकच वाचन जपावे. बाकीची तिथल्या तिथे सोडावीत. सोडण्यात धोका नाही. दोन वाचने एकाच शिल्लकेवर आली की पुढचा हिशेब दोघांनाही सारखाच. मागे पडलेले वाचन पुढे कधीच सरशी करू शकत नाही. अखेर जे उरेल, तेच सर्वाधिक संभाव्य. व्यापाऱ्याला हे पटवून द्यावे लागू नये!

व्यवहारात हिचा फारसा उपयोग होईल, असे खुद्द विटर्बींनाही प्रथम वाटले नव्हते. त्यांचे सहकारी जेरी हेलर यांनी गणना करून दाखविले, की अवघ्या 64 अवस्था जपूनही उत्तम काम भागते. 1968 मध्ये विटर्बी, अर्विन जेकब्स आणि लेनर्ड क्लाइनरॉक या तीन प्राध्यापकांनी 'लिंकाबिट' ही कंपनी काढली. 1977 मध्ये झेपावलेल्या व्हॉयेजर यानांच्या क्षीण संदेशांचे वाचन याच रीतीने झाले. पुढे जीएसएम फोनमध्येही ती आली. दरम्यान यंत्रांना बोलणे ओळखायला शिकविणाऱ्या संशोधकांनी ती उचलली. उच्चार अस्पष्ट, पण शब्दामागून शब्द येण्याला काही क्रम असतो. म्हणजे पुन्हा तीच भिजलेली वही. जनुकांच्या लांबलचक अक्षरमाळेतही ती आज वापरली जाते.

आणि या रीतीचे पेटंट? वकिलाच्या सल्ल्यावरून विटर्बींनी ते घेतलेच नाही. धंद्याच्या दृष्टीने ही चूक म्हणावी काय? एका अर्थी होय. फोनमागे एक पैसा म्हटला तरी रक्कम डोळे दिपविणारी झाली असती. पण कोणाचीही परवानगी लागत नसल्यामुळेच ती रीत इतक्या झपाट्याने पसरली, हेही तितकेच उघड आहे. पेटंटचे वावडे मात्र त्यांना नव्हते. 1985 मध्ये जेकब्स व इतरांसह त्यांनी उभी केलेली 'क्वालकॉम' कंपनी पेटंटांच्या उत्पन्नावरच मोठी झाली, हा विरोधाभास नोंदवायलाच हवा.

2004 मध्ये विटर्बी आणि त्यांच्या पत्नी एर्ना यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाला 5 कोटी 20 लाख डॉलरची देणगी दिली. एर्नाही निर्वासितच, त्यांचे कुटुंब सारायेवोचे. नोकरी करता करता जेथे डॉक्टरेट पुरी झाली, त्या विभागावर आता या दोघांचे नाव आहे.