पोटातल्या जखमेला चिमुकला चिमटा!

अंधेरीला लोकलमधून उतरून मेट्रोकडे धावताना बॅगेतली पेनकिलर काढून पाण्याच्या घोटाबरोबर गिळलीय कधी? सबमिशनची डोकेदुखी, जिमनंतर भरून आलेले खांदे, पाळीतलं पोट... कारण काहीही असो, मेडिकलवाला ओळखीचा आणि गोळी दोन मिनिटांत हातात. एखाद्या वेळी घेतली म्हणून बहुतेकांना काही होत नाही. पण रोजची सवय लागली, की प्रकरण जठरापर्यंत जाऊ शकतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या दुखणं कमी करतात, पण जठराच्या अस्तराला जपणारी रसायनंही कमी करतात. हा परिणाम रक्तातूनही होतो. त्यामुळे 'मी वडापाव खाऊनच गोळी घेते' म्हटलं तरी धोका पूर्ण टळत नाही. त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असेल, तर अल्सरची शक्यता आणखी वाढते. अल्सर खोलवर जाऊन रक्तवाहिनीला भिडला, की रक्तस्राव सुरू!

पूर्वी अशा वेळी अनेकदा पोट उघडावं लागायचं. आता आधी एंडोस्कोपी करतात. कॅमेरा असलेली लवचिक नळी तोंडातून जठरात जाते. त्या नळीत अवजारांसाठी एक अरुंद वाट असते, साधारण २.८ मिलिमीटरची. तिच्यातून धातूची बंद क्लिप पुढे सरकते. आत पोचल्यावर तिचे दोन जबडे सेंटिमीटरभर उघडतात. डॉक्टर स्क्रीनवर बघत ती वाहत्या रक्तवाहिनीवर टेकवतात आणि जबडे मिटतात. अगदी दोरीवरच्या कपड्यांना लावतो तसा चिमटा! जागा चुकली, तर बऱ्याच नव्या क्लिपा सोडण्याआधी पुन्हा उघडता येतात. कधी जोडीला इंजेक्शन किंवा उष्णतेचाही वापर करतात.

ही कल्पना जपानमधली, १९७५ची. पुढे जर्मनीत अस्वलाच्या पंजासारखी मोठी क्लिप तयार झाली. ती नळीच्या टोकावर टोपीसारखी बसवतात. आतड्याला पडलेलं छोटं भोकही तिने बंद करता येतं. आपल्या मुंबईतही एंडोस्कोपीत मोठं काम झालंय. डॉ. अमित मायदेव यांना २०१३मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच क्षेत्रासाठी.

मग ही क्लिप काढायची कधी? छोटी क्लिप सहसा काढावी लागत नाही. जखम भरत आली, की ती आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते. फक्त त्यानंतर एमआरआय करायची वेळ आली, तर 'मला क्लिप लावलीय' हे आधी सांगायचं.

पण या सगळ्याचा उपयोग वेळेत पोचलात तरच. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होतेय? उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतंय? उभं राहिल्यावर गरगरतंय? लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, हे खरं. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. 'असं कसं सांगायचं' म्हणून लाजत बसू नका. आईला सांगा, रूममेटला सांगा आणि थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.

आणि हो, आज बॅगेतली ती स्ट्रिप एकदा काढून बघा. गेल्या आठवड्यात त्यातल्या किती गोळ्या संपल्या? आकडा बघून तुम्हीच दचकलात, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना भेटा.