सुकाणूच्या खुंट्या आणि कड्या

‘सुकाणू’ हा शब्द परभणी जिल्ह्यातील वाचकाला नवा नाही. २०१७ च्या शेतकरी संपाच्या वेळी ‘सुकाणू समिती’ हे नाव महाराष्ट्रभर गाजले होते. ज्या वस्तूवरून तो शब्द आला ती मात्र या जिल्ह्यात सहसा दृष्टीस पडत नाही, कारण गोदावरीच्या पात्रातील किंवा येलदरीच्या जलाशयातील लहान नावेला वल्ह्याने वा बांबूने दिशा देता येते. समुद्रावरील शिडाच्या नौकेला तेवढ्याने भागत नाही. तिच्या मागच्या टोकाला पाण्यात बुडालेली एक उभी फळी असते आणि ती डावीउजवीकडे वळवली की तिच्यावर आदळणारे पाणी नौकेची मागची बाजू विरुद्ध दिशेला ढकलते व नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वळते.

जुन्या घडणीच्या नौकांत ही फळी दाराप्रमाणे टांगलेली असते. नौकेच्या मागच्या खांबावर एकाखाली एक धातूच्या कड्या बसवतात, सुकाणूवर त्याच अंतराने खुंट्या बसवतात आणि खुंट्या कड्यांत उतरवल्या की सुकाणू फिरू लागते. घराच्या दाराची बिजागरी सैल झाली तर दार कुरकुरते, एवढेच. येथे मात्र प्रत्येक लाट सुकाणूला धक्का देते, खुंटी कडीत किंचित आपटते, त्या आपटण्याने भोक रुंदावते आणि रुंद भोकामुळे पुढचा धक्का अधिक जोराचा बसतो. म्हणून सुकाणूचा थोडासा खडखडाटही दुर्लक्षिण्यासारखा नसतो.

झीज हे एक कारण झाले. दुसरे आणि अधिक फसवे कारण धातूंच्या स्वभावात आहे. मराठवाड्यातील प्रत्येक जुन्या स्वयंपाकघरात पितळ आणि कांसे असे, त्यामुळे हा भेद येथील वाचकास सहज पटेल. पितळ हे तांबे व जस्ताचे मिश्रण असून खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त हळूहळू निघून जाते. वरून आकार तोच राहतो, रंग गुलाबीसर होतो, पण आत उरलेले तांबे सच्छिद्र व ठिसूळ असते. कांसे हे प्रामुख्याने तांबे व कथिलाचे मिश्रण असल्याने समुद्रात कितीतरी अधिक टिकते. स्टेनलेस स्टीलवर संरक्षक थर टिकण्यास प्राणवायू लागतो, आणि लाकडात रुतलेल्या ओल्या बोल्टाला तो मिळत नसल्याने दिसायला चकचकीत असलेला बोल्ट नेमका आतल्या भागात कुरतडला जातो. शिवाय दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि दुबळा धातू झिजतो; कांशाच्या कडीत लोखंडी बोल्ट घालणे ही म्हणूनच घातक काटकसर होय.

दुरुस्तीसाठी नौका पाण्याबाहेर घ्यावी लागते, किंवा लहान असल्यास भरतीला किनाऱ्यावर आणून ओहोटीच्या वेळी आधार देऊन उभी करावी लागते. सुकाणूचे खालचे टोक धरून हलवले की सैलपणा कोणत्या जोडात आहे ते कळते. सुकाणू उतरवल्यावर कड्यांच्या मधोमध एक सरळ सळई किंवा ताणलेली दोरी घालून सर्व कड्या एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहणे अत्यावश्यक असते, कारण एक कडी जरी बाजूला सरली असली तरी नवी खुंटी तेथे अडकते आणि पुन्हा तीच झीज सुरू होते. घाईने केलेल्या बहुतेक दुरुस्त्या याच पायरीवर फसतात. कडीचे भोक रुंदावले असेल तर ते कोरून गोल करतात व त्यात कांशाचे किंवा कठीण प्लास्टिकचे पातळ नळकांडे, म्हणजे बुश, बसवतात. लाकडातील बोल्टाचे भोक सैल झाले असेल तर केवळ जाड बोल्ट घालणे पुरेसे नसते. कुजका भाग काढून, लाकूड सुकवून, त्यात सागाची खुंटी चिकटवून नवे भोक पाडावे लागते, आणि बोल्ट बसवताना पाणी आत मुरू नये म्हणून सांध्यात लेप भरावा लागतो. खालची खुंटी वरच्यापेक्षा थोडी लांब ठेवली म्हणजे सुकाणू परत टांगताना ती आधी कडीत शिरते. लाटेने सुकाणू वर उचलले जाऊ नये यासाठी अडसरही हवाच.

सुकाणू फिरवणारी यंत्रणा बिघडली की काय होते, याचे उदाहरण अलीकडचे आहे. गोव्यात बांधलेली ‘तारिणी’ ही नौदलाची नौका सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करत असताना, परतीच्या वाटेवर अशा बिघाडामुळे तिला मॉरिशसमधील पोर्ट लुई बंदरात थांबावे लागले. दुरुस्तीनंतर २१ मे २०१८ रोजी ती गोव्यात पोचली.

जुन्या नौकेच्या संदर्भात मात्र ‘सुहेली’चाच विचार करावा लागतो. मुंबईत भारतीय सागाची बांधलेली, दोन्ही टोकांना निमुळती, मागे सुकाणू टांगलेली ही ३२ फुटी नौका १९६४ मध्ये पाण्यात उतरली आणि ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत तिच्यातून एकट्याने, कोठेही न थांबता जगाला फेरी घातली. वाऱ्याच्या साहाय्याने आपोआप दिशा राखणारे तिचे उपकरण ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झाले, तेव्हा उरलेला प्रचंड प्रवास शिडे तोलून आणि हाताने सुकाणू सांभाळून पार पडला. पुढे ती ग्रीनविचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली, तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्याने २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला परत घेतले, आणि नंतरच्या दीर्घ दुरुस्तीत मुंबईच्या सागाला धरून ठेवणारे जुने लोखंडी बोल्ट काढून त्यांच्या जागी कांशाचे घातले गेले.