गिनीपिगचं दुखणं दाढेत असतं

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात बैलाचं वय कुणी विचारत बसत नाही, ते पाहतात. एक हात वेसणीला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढला की निकाल लागतो : आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती टणक हिरडी असते. खाली आठ दात. दोन वर्षांच्या आसपास मधले दोन दुधाचे दात पडून मोठे येतात, आणि चार-साडेचार वर्षांपर्यंत आठही बदलून होतात. म्हशीचं थोडं उशिरा. हे ज्ञान आमच्याकडे पोरंसोरंही बाजारात फिरता फिरता शिकतात.

म्हणूनच घरात मुलांच्या हट्टापायी गिनीपिग आला की आपण त्याचंही तोंड तसंच पाहतो. ओठ वर केला, पुढचे चार पांढरे दात दिसले, कुठे तुटलेलं नाही. झालं, दात ठणठणीत! मीही तेच केलं होतं. आमची गिनीपिग काकडीची फोड उचलायची, दोनदा चावल्यासारखं करायची आणि खाली ठेवायची. फोडीवर दातांची खूण असायची, पण फोड तेवढीच. मला वाटलं, काकडी कडू निघाली. हनुवटीखालचे केस ओले असायचे, तर वाटलं, पाणी पिताना सांडत असेल. ती लाळ होती. वाण्याकडच्या सामानासारखं तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तेव्हा दीडशे ग्रॅम वजन गेलेलं होतं. एक किलोच्याही आतल्या जिवाचे दीडशे ग्रॅम.

बैलाच्या तोंडाचा हिशेब या प्राण्याला लागूच पडत नाही. गिनीपिगला एकूण वीस दात : पुढे वर दोन, खाली दोन, आणि मागे चारही बाजूंना चार-चार दाढा. सुळे नाहीत, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा. त्याचे दुधाचे दात आईच्या पोटातच झडून जातात, पिल्लू जन्मतं तेच कायमच्या दातांसह आणि उघड्या डोळ्यांनी. त्यामुळे दात पाहून त्याचं वय सांगता येत नाही. आणि हे वीसही दात मरेपर्यंत वाढत राहतात. केवळ पुढचे वाढतात, हा समज फार पसरलेला आहे आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. दाढाही वाढतात. त्या रोज झिजल्या नाहीत तर खालच्या दाढा आत, जिभेकडे झुकतात. दोन्ही बाजूंनी झुकत झुकत त्या जिभेवर कमान धरतात आणि जीभ खाली अडकते. घास मागे ढकलायला जीभच हलत नाही. वरच्या दाढा बाहेर, गालाकडे वळतात आणि गाल सोलतात. भूक असते, जनावर वाटीपाशी धावत येतं, घास उचलतं आणि टाकून देतं. आपण म्हणतो, नखरे करतंय.

या दाढा दिसत का नाहीत? तोंडाची फट इतकी अरुंद आणि गालांचे पडदे असे आत आलेले, की ओठ उचलून मागचं काहीही नजरेला पडत नाही. डॉक्टरांनाही कान तपासायच्या दुर्बिणीसारखं उपकरण आत घालावं लागतं. नीट पाहायचं तर भूल द्यावी लागते, आणि मुळं कुठवर गेलीत हे एक्स-रेवरच कळतं. मुळंही वाढतात, ही गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीकडे सरकतात, म्हणून एक डोळा सतत पाणावणं किंवा पुढे आल्यासारखा दिसणं हे दातांचं लक्षण असू शकतं. खालच्या जबड्याच्या कडेला बोटाला गाठी लागतात, त्याही तशाच.

‘दात वाढलेत ना, मग नेलकटरनं कापा.’ हा सल्ला मला मिळाला आणि मी ऐकला. एका ठिकाणी नेऊन पुढचे दात कातरून आणले. त्या दिवसापासून तिचं खाणं आणखी कमी झालं. आता कारण ठाऊक आहे. कातरीच्या दाबानं दात उभा चिरतो, चीर हिरडीच्या आतपर्यंत जाते, आतला जिवंत गर उघडा पडतो, पू धरतो. शिवाय गिनीपिगमध्ये पुढचे दात बहुतेक वेळा दाढा वाढल्यामुळेच वाढतात : मागे अडलं की पुढचे दात एकमेकांवर बसत नाहीत, घासत नाहीत. म्हणजे आपण परिणाम कातरतो आणि कारण तसंच ठेवतो. खालचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असणं तर नैसर्गिकच आहे. ते पाहून घाबरून कातरणारेही आहेत. योग्य इलाज म्हणजे भूल देऊन बारीक यंत्रानं दाढा घासून पूर्वीच्या उतारावर आणणं. आमच्या तिचं शेवटी तेच झालं, आणि त्यानंतर काही आठवड्यांच्या अंतरानं पुन:पुन्हा करावं लागलं. एकदा बिघडलेली ठेवण सहसा कायमची सुधारत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

लाकडाचा तुकडा, कडक बिस्कीट, हरभरे दिले की दात झिजतात, असंही सांगतात. लाकूड कुरतडतात ते पुढचे दात. दाढांना त्याचा उपयोग नाही. दाणा किंवा गोळीखाद्य दोन-चार चाव्यांत फुटतं आणि पोटात जातं. दाढा झिजवतं ते लांब काडीचं वाळलेलं गवत. ते तासन्‌तास घासून घासून खावं लागतं, आणि गवताच्या पानातच सिलिकेचे बारीक कण असतात. आहाराचा मोठा भाग, निदान तीन-चतुर्थांश तरी, गवतच हवं आणि ते चोवीस तास समोर हवं. आमच्या भागात यासाठी परदेशी पाकिटांची गरज नाही. बांधावरचं मारवेल, पवना, स्वच्छ धुतलेली हरळी चालते; औषध फवारलेल्या शेताच्या कडेचं मात्र आणू नये. लसूणघास प्रौढ गिनीपिगला रोजचं खाद्य नव्हे, त्यातल्या कॅल्शियमनं मूतखडे होतात. उसाचं वाढं आमच्या तालुक्यात गोठोगोठी असतं, पण त्यात ऑक्झॅलेट जास्त, तेही टाळावं. आणि घोडेगावात कांद्याचा मोठा बाजार. पात हिरवीगार दिसते, हाताशी असते, म्हणून कुणीतरी घालतंच. कांदा, पात, लसूण, यातलं काहीही घालू नका. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता क जीवनसत्त्वाचं. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. 1907 साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश यांनी फक्त धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही होतो हे दाखवलं. खलाशांच्या हिरड्या सडवणारा तोच आजार. पुढे हंगेरीत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत, 1930च्या दशकाच्या सुरुवातीला, गिनीपिगवरच पडताळून कळलं की त्यांनी वेगळा काढलेला पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व. आणि ते मुबलक मिळालं कशात, तर तिथल्या मिरचीत. 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. क जीवनसत्त्व कमी पडलं की दात धरून ठेवणारे तंतू सैल होतात, हिरड्यांतून रक्त येतं, सांधे दुखतात, आणि दुखणारं जनावर गवत खाणं सोडतं, की दाढा आणखी वाढतात. रोजची गरज वजनाच्या एका किलोला साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम. ढोबळी मिरचीची वीस-पंचवीस ग्रॅमची फोड ती बरीचशी भागवते. जोडीला कोथिंबीर, आठवड्यातून एक-दोनदा पेरूचा लहान तुकडा. पाण्यात थेंब टाकण्यावर विसंबू नये, उजेडात आणि पाण्यात ते भराभर नासतं. गोळीखाद्यातलंही महिनोन्‌महिने पडून राहिलं की उतरतं; पाकिटावरची तारीख बघून घ्यावी.

जीवच जातो तो मात्र ‘जबडा सुजलाय, अँटिबायोटिक देऊन टाकू’ या समजानं. दुभत्या जनावरांच्या गावात पेनिसिलिनच्या जातीची औषधं घरात असतात, माणसांचं अमॉक्सिसिलिनही कपाटात असतं. गिनीपिगच्या तोंडात ते घालणं म्हणजे त्याला मारणं. त्याचं पचन आतड्यातल्या उपकारक जिवाणूंवर चालतं. ते मेले की घातक जिवाणू माजतात, विष सोडतात, आणि काही दिवसांत प्राणी जातो. 25 मे 1940 रोजी ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी आठ उंदरांवर झाली, आणि औषध दिलेले चौघे तगले. पण उंदरांना तारणारं तेच औषध गिनीपिगना मारक ठरतं, हे 1943 साली नोंदलं गेलं. म्हणून डॉक्टरांनी औषध लिहिलं की विनासंकोच विचारा : हे गिनीपिगला चालतं ना? चालणारी औषधं आहेत.

‘एक दिवस नाही खाल्लं तर काय होतं’ हेही बैलाचंच गणित. गिनीपिगचं आतडं थांबता कामा नये. बारा तासांत काही खाल्लं नसेल, लेंड्या बारीक किंवा बंद झाल्या असतील, तर सकाळची वाट पाहू नका. दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घ्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहा. सलग दोन आठवडे घट दिसली की निघा.

गावातले डॉक्टर गाई-म्हशींत पारंगत असतात; तेव्हा आधी फोन करून विचारावं की गिनीपिगच्या दाढा भूल देऊन घासण्याचा अनुभव आहे का, आणि नसेल तर नगर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातलं नाव त्यांनाच विचारावं. नेताना हवेशीर खोक्यात गवत भरून न्या. भूल द्यायची म्हणून माणसासारखं रात्रीपासून उपाशी ठेवू नका. गिनीपिगला उलटी होत नाही आणि उपासानं त्याचं नुकसानच होतं. सोबत ते दिनदर्शिकेचं पान न्या, आणि शक्य झालं तर फोनवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण : काकडी उचलताना, चावताना, खाली टाकताना.