कातडं आणि कसब (लेखांक ७) : तेल आधी, मेण नंतर

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे अशी जनावरं दूरदूरून येतात. त्यांच्या मागोमाग खोगीर, लगाम, तंग, गळपट्टे, घुंगरमाळा यांची दुकानं लागतात. घोडा घेणारा दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे बघतो. जाणता घोडेवाला लगाम घेतानाही तितकाच चौकस असतो. वादी बोटाभोवती वळवून बाकावर बारीक भेगा उमटतात का ते बघतो, अंगठा घासून रंग सुटतो का ते तपासतो आणि नाकाजवळ नेऊन वास घेतो. वादी वळवताना तेल कळतं, अंगठा घासताना रंग कळतो आणि वासावरून खवटपणा कळतो. मागच्या लेखांकात शिलाई आणि कडा घोटणं झालं. आता वस्तूवर फिरणारा शेवटचा हात, म्हणजे रंग, तेल, मेण आणि वरचा लेप.

हाताने केलेल्या चामडी वस्तू याच टप्प्यावर सर्वांत जास्त बिघडतात. कापणी आणि शिलाईला आठवडा दिलेला कारागीर फिनिशिंग एका संध्याकाळी उरकतो, हाताशी असेल ते तेल ओततो आणि वर चमक आणणारा डबा उघडतो. महिन्याभरात पट्टा चिकट होतो, रंग सदऱ्याला लागतो, लेपाचे पापुद्रे निघतात. डब्यातला माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. थरांचा क्रम आणि प्रमाण चुकलेलं असतं.

पण थरांच्या आधी हातातलं कातडं ओळखावं लागतं. हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेलं कातडं तेल पटकन पितं, उन्हात आणि तेलात काळवंडतं, घोटल्यावर आपोआप झळाळतं. कोल्हापुरी चप्पल याच कातड्याची. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी एकत्र. दुसरं कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि आज जगातल्या बहुतेक चपला-बुटांचं कातडं तसंच कमावतात. ते मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही आणि कारखान्यातच त्यात भरपूर स्निग्धांश भरलेला असतो. कापलेल्या कडेकडे पाहिलं की फरक दिसतो: सालीवरचं कातडं आतून तपकिरी, क्रोमचं अनेकदा निळसर-राखाडी. शंका उरली तर आडबाजूला पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब मुरून डाग गडद झाला, तर कातडं उघडं आहे, तेल घेईल. थेंब मोत्यासारखा उभा राहिला, तर वर लेप बसलेला आहे. अशा कातड्यावर तेल ओतणं व्यर्थ. ते आत न जाता वर धूळ धरत बसतं.

उघड्या कातड्याला तेल लागतं ते तंतूंसाठी. कातडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंची जाळी. कमावल्यावर ती कुजत नाही, पण कोरडी पडली की तंतू एकमेकांवर घासून तुटू लागतात. तेल त्या तंतूंमध्ये वंगण म्हणून राहतं. ते आत पोचवण्याची जुनी युक्ती आजही उत्तम आहे: कातडं किंचित ओलसर असताना तेल लावायचं. पाणी सावकाश उडून जातं आणि त्याची जागा तेल घेतं. युरोपातले कातडी मऊ करणारे कारागीर चरबी आणि माशाचं तेल ओल्या कातड्यावर थापत, ते याचसाठी. खानदेशातल्या विहिरींवर इंजिनं आणि विजेचे पंप येण्याआधी चालणाऱ्या चामडी मोटेलाही तेल पाजावं लागे. रोज भिजणारी आणि रोज उन्हात वाळणारी मोट तेलावाचून तडकली असती.

तेल कोणतं, यावर मात्र मतं फार आणि विचार कमी. स्वयंपाकघरातलं कोणतंही तेल चालतं ही समजूत घातक आहे. काही तेलं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतात. जवसाचं तेल त्यांतलं पहिलं. न्यूअर्कच्या सेथ बॉयडन यांनी १८१९ मध्ये अमेरिकेत चकचकीत पेटंट लेदर बनवायला सुरुवात केली, ती जवसाच्या तेलावर आधारलेल्या लेपाचे थरावर थर चढवूनच. कवच बनवणारं हे तेल कातडं मऊ ठेवायला कसं उपयोगी पडेल? करडई आणि सूर्यफुलाचं तेल इतकं कडक होत नाही, पण कालांतराने चिकट होतं आणि खवटतं. खोबरेल वेगळ्या कारणाने नडतं. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली असतो. मोहाच्या बियांचं तेल सातपुड्यात मुबलक आहे, पण तेही थंडीत थिजतं. एकट्याने वापरण्यापेक्षा पातळ तेलात थोडंसं मिसळलेलं बरं. करंजाचं तेल चामड्याच्या कामात जुनं आहे. ते कडू, उग्र वासाचं आणि रंग गडद करणारं, म्हणून ते काळ्या किंवा गडद तपकिरी सामानासाठी ठेवावं.

राहतं एरंडेल. ते हवेत वाळत नाही, सहज खवटत नाही, थंडीत गोठत नाही. दोष एकच, ते दाट असतं आणि हळू मुरतं. म्हणून भांडं गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावं, फडक्याच्या टोकाने पातळ हात द्यावा, आणि शक्य असेल तिथे मागच्या, मांसाकडच्या खरबरीत बाजूने द्यावा. त्या बाजूने ते लवकर आत जातं. परदेशी पुस्तकांत सगळीकडे भेटणारं नीट्सफूट तेल गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात. ते पातळ असतं आणि सुरेख मुरतं, पण ते कशापासून बनतं हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं. कोल्हापुरी वापरणाऱ्या घरांत नव्या वहाणांना तेल पाजण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. फक्त रात्रभर तेलात बुडवून ठेवायचं कारण नाही.

आता क्रम. आधी रंग, मग तेल, मग विश्रांती, मग वरचा थर. स्पिरिटमधला रंग कातड्यातला स्निग्धांश ओढून घेतो, म्हणून रंगानंतर कातडं कडक लागतं. ते तेल त्याला परत द्यायचं असतं. उलट केलं, आधी तेल आणि मग रंग, तर तेलाच्या डागांवर रंग धरत नाही आणि ठिपके उठतात. रंग पूर्ण सुकला की कोरड्या सुती फडक्याने घासत राहायचं, फडकं जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण न मुरलेला रंग इथे निघाला नाही तर पुढे पांढऱ्या घोड्याच्या मानेवर निघतो.

काळ्या रंगाची गोष्ट निराळी. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकस किंवा गंजकं लोखंड एकत्र आले की गडद काळा रंग तयार होतो. जुनी काळी शाई याच रसायनावर बनत असे, आणि ओल्या कातड्यावर लोखंडी खिळा राहिला तर पडणारा काळा डागही तेच. लोखंडाचा चुरा व्हिनेगरमध्ये भिजवून केलेलं पाणी सालीवर कमावलेल्या कातड्याला लावलं की डोळ्यांदेखत ते काळं पडतं, आणि रंग तंतूतच तयार झाल्यामुळे हाताला फारसा लागत नाही. पण मागे आम्ल उरतं, त्यामुळे चिमूटभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून मग साध्या पाण्याने धुवावं लागतं. सोडा जास्त झाला तर तोही कातड्याला खातो. ओलसर असतानाच एरंडेलाचा हात, आणि मग सावलीत किमान एक दिवस. ही विश्रांती टाळता येत नाही. वरून कोरडं दिसणारं तेल आत अजून पसरत असतं आणि त्यावर घाईने चढवलेला लेप उचलला जातो.

मेण सगळ्यात शेवटी, कारण ते आत जाण्यापेक्षा वर राहून पाणी अडवतं. एकदा ते बसलं की त्याखाली तेल पोचवणं कठीण. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. एक भाग मेण आणि तीन भाग एरंडेल वजनाने घेऊन, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवलं की बोटाने उचलता येईल असं मलम तयार होतं. थेट आचेवर हे करू नये. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तेल दोन भागांवर आणावं, नाहीतर मलम पाझरून कपड्याला लागतं. बूट पॉलिशच्या डबीत अनेकदा ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण असतं; ते ८२ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून त्याची चमक कडक आणि टिकाऊ. मात्र ते ठिसूळही असतं. पिशवीच्या सपाट झाकणावर ते शोभतं. सतत वाकणाऱ्या वादीवर त्याचे पांढरे चरे उठतात.

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक लेप आता सगळीकडे मिळतात. पर्स, पाकीट, वहीचं कव्हर यांना ते चांगले. रंग बांधून ठेवतात. एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ द्यावेत, दुसरा पहिल्याला आडवा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख सुंदर चमकते पण वाकली की तडकते, तेव्हा ती डबीला किंवा कडक म्यानाला ठेवावी.

घोड्याच्या सामानाला या सगळ्यातलं थोडंच लागतं, पण जागा बघून. खोगिराची जनावराच्या अंगाला टेकणारी बाजू रंगाविना ठेवावी. घामाने रंग सुटतो. लगामाच्या हातात धरायच्या भागाला तेल अगदी कमी, नाहीतर तो निसटतो. रिकिबीच्या वादीला जास्त तेल देणं तर धोक्याचं आहे. ती ताणून लांबते, दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत आणि भोकं रुंदावतात. बाकावर, बकलाजवळ आणि दुमडीवर मात्र तेल हवंच. कातडं तुटतं ते तिथेच. घामात मीठ असतं, म्हणून वापरून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवणं हे तेल देण्याइतकंच महत्त्वाचं. कपड्याचा साबण नको. कातडं स्वभावतः आम्लधर्मी असतं आणि असा साबण अल्कधर्मी.

पितळी बकलाभोवती काही महिन्यांनी हिरवट, मेणचट थर दिसला तर तेल जास्त झालं असं समजावं. तेलातल्या आम्लांची पितळेतल्या तांब्याशी प्रक्रिया होऊन तो बनतो. जास्त तेलाचा धडा जगातल्या मोठ्या ग्रंथालयांनीही घेतला. विसाव्या शतकात चामडी बांधणीच्या पुस्तकांना नीट्सफूट आणि लोकरीतली चरबी यांचं मिश्रण नेमाने चोळण्याची शिफारस होती. पुढे अशा बांधण्या चिकट झाल्या, काळवंडल्या, त्यांवर धूळ बसली, आणि आज जतनतज्ज्ञ तेल चोळायला सहसा नकार देतात. वापरातल्या सामानाला तेल लागतं, कपाटात उभ्या पुस्तकाला नाही. तेल किती द्यायचं याचा निर्णय वस्तू किती वाकते, भिजते आणि घामेजते यावरून करावा, कॅलेंडरवरून नव्हे.

पावसाळ्यात नवापूर किंवा अक्राणीकडच्या दमट घरांत खुंटीवरच्या पट्ट्यावर पांढरं काही दिसलं की बुरशी म्हणून घाबरायला होतं. ती नेहमीच बुरशी नसते. तेलातला घट्ट भाग पृष्ठभागावर येऊनही अशी पांढरी राख पसरते. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा थोडी दुरून सोडावी. राख वितळून नाहीशी झाली तर तो स्निग्धांश आहे, कोरड्या फडक्याने घोटलं की काम झालं. तशीच राहिली, वास आला आणि तंतू दिसले तर बुरशी. मग घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी, वाऱ्याला ठेवावं आणि पूर्ण सुकेपर्यंत तेलाचा थेंबही देऊ नये. पुढच्या लेखांकात या बुरशीने खाल्लेल्या आणि भेगाळलेल्या जुन्या पट्ट्यांची दुरुस्ती.