सहीखालची दुसरी तारीख
(लेखमाला : राष्ट्रपती भवन ते परभणी, लेखांक ५)

राष्ट्रपतींवर रागवायची आपल्याकडे रीत नाही. आमदाराला टपरीवर उभ्याउभ्या झोडपतो, मुख्यमंत्र्यांना आणि पंतप्रधानांना घरात बसून. राष्ट्रपती मात्र शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीत सुखरूप असतात. फार तर ‘रबरी शिक्का’ म्हणून आपण विषय मिटवतो. त्यामुळे नागरिकांच्या हक्कांवर गदा आणणाऱ्या कागदाच्या तळाशी कुणाची सही आहे, हे कुणी वाचत नाही. आज आपण तो तळच वाचू. सहीची तारीख तिथे असतेच; मला शोधायची आहे ती दुसरी, म्हणजे हा अंमल संपणार कधी, ती.

२६ ऑक्टोबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी आणीबाणी जाहीर केली. चिनी फौजा नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, घुसल्या होत्या, तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी केली, म्हणजे पुरता महिनाही झाला नव्हता. आणीबाणी मात्र उठली १० जानेवारी १९६८ ला. मध्ये पाकिस्तानशी एक युद्ध झालं हे खरं, पण तेही १९६५ मध्येच थांबलं होतं. तोवर नेहरू गेले, शास्त्री गेले, राष्ट्रपतीही बदलले. कागद तसाच राहिला.

त्या कागदाचा एक मराठी नमुना मला फार आवडतो. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. खटला नाही, शिक्षा नाही. आत बसून त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, तेही अणूच्या अंतरंगावर. छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. महाराष्ट्र सरकारनं नाही म्हटलं आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला काय काय करता येईल याची नियमांत यादी आहे आणि पुस्तक बाहेर पाठवणं त्या यादीत नाही. १९६५ मध्ये न्यायालयानं ते फेटाळलं. अणूतल्या इलेक्ट्रॉनपासून देशाच्या संरक्षणाला धोका नाही, हे न्यायालयाला ठरवावं लागलं, तेव्हा तीन वर्षांपूर्वी संपलेल्या लढाईची आणीबाणी अजून चालू होती!

पुढचा प्रसंग अधिक जड आहे. ३ डिसेंबर १९७१ ला राष्ट्रपती गिरी यांनी बाह्य आक्रमणाच्या कारणावरून पुन्हा आणीबाणी पुकारली. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. आणीबाणी उठवायचं कुणी नावच काढलं नाही. म्हणून २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी जी सही केली, ती कोऱ्या पाटीवरची नव्हती. आधीच्या आणीबाणीवर दुसरी, अंतर्गत अशांततेची, चढली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, म्हणजे सहीनंतर. दोन दिवसांनी आणखी एक आदेश निघाला आणि जीविताच्या हक्कासाठी कोर्टात जायची वाटच बंद झाली. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं तेही मान्य केलं. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे वेगळे उभे राहिले. तेरा दिवसांच्या युद्धाची आणीबाणी शेवटी मार्च १९७७ मध्ये, अंतर्गत आणीबाणीच्याही काही दिवस मागून उठली.

४४ व्या घटनादुरुस्तीनं यातलं बरंच बुजवलं. आता मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो, दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी लागते, जीविताचा हक्क गोठवता येत नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवायचा अधिकारही राष्ट्रपतींना मिळाला. दुसऱ्यांदा तोच सल्ला आला, की सही करावीच लागते. ‘एकदा’ म्हणजे फार नाही, पण काहीच नाही असंही नाही. के. आर. नारायणन यांनी तो अधिकार दोनदा वापरून दाखवला. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशाच्या आणि १९९८ मध्ये बिहारच्या राष्ट्रपती राजवटीची शिफारस त्यांनी परत धाडली. पहिले दलित राष्ट्रपती, त्यात संविधानाचा अपमान सहन न करणारे. परभणीसारख्या, जिथे बाबासाहेबांचं संविधान घराघरांत देवघराच्या मानानं ठेवलं जातं, अशा गावात त्यांच्याविषयी किती विश्वास असेल, हे सांगायला नको.

आणि तरी २४ ऑक्टोबर २००१ ला ‘पोटो’ हा दहशतवादविरोधी अध्यादेश त्यांच्याच सहीनं निघाला. न्यूयॉर्कचे मनोरे पडून सहा आठवडे झाले होते. दोनच दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पॅट्रियट कायद्यावर सही केली. डिसेंबरमध्ये आपल्या संसदेवर हल्ला झाला, सैन्य सरहद्दीवर गेलं, अध्यादेश पुन्हा काढला गेला. राज्यसभेनं विधेयक नाकारलं, तेव्हा २६ मार्च २००२ ला संयुक्त अधिवेशन बोलावून ४२५ विरुद्ध २९६ मतांनी ते पार केलं आणि ‘पोटो’चा ‘पोटा’ कायदा झाला. नारायणन यांनी एकदा परत पाठवायला हवं होतं, असं माझं मत आहे. ते वापरलेलं हत्यार त्यांच्या हातात होतं. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा धरणारा कायदा कोठडीत काय घडवतो, हे कळायला भविष्यवेत्ता लागत नाही.

ते परभणीनं पाहिलं. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. परभणीचा ख्वाजा युनूस, वय २७, दुबईत नोकरी करणारा इंजिनिअर, त्याच महिन्यात ‘पोटा’खाली पकडला गेला. जानेवारीत पोलिसांनी सांगितलं, की त्याला औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप दरीत गेली आणि तो पळाला. त्याच कोठडीतल्या सहआरोपीनं सांगितलं ते वेगळं : त्याला बेदम मारलं, तो रक्त ओकत होता. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासातही पलायनाची कहाणी टिकली नाही. १४ पोलिसांवर खटला भरावा अशी शिफारस झाली, सरकारनं परवानगी दिली चौघांपुरती. मृतदेह आजवर मिळालेला नाही. उरलेले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. म्हणजे तो जिवंत असता, तर बहुधा तोही सुटून घरी आला असता. त्याच्या आईनं पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. निलंबित पोलीस २०२० मध्ये सेवेत परतले, तेव्हाही खटला चालूच होता.

आता ती दुसरी तारीख. इतक्या वाईट ‘पोटा’ला एक गोष्ट चांगली होती : तीन वर्षांची मुदत. ऑक्टोबर २००४ मध्ये तो आपोआप संपला असता. नव्या सरकारनं महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला, अध्यादेश काढून तो रद्द केला आणि टाळ्या घेतल्या. त्याच दिवशी दुसरा अध्यादेश निघाला, ‘यूएपीए’ या बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या दुरुस्तीचा. ‘पोटा’तली बरीच कलमं तिकडे हलवली गेली. कबुलीजबाबाचं कलम गेलं हे बरं झालं, पण मुदतीचं कलमही गेलं. त्या दोन्ही अध्यादेशांवर सही होती अब्दुल कलाम यांची, आजवरच्या सर्वांत लाडक्या राष्ट्रपतींची. लाभाच्या पदाचं विधेयक त्यांनी २००६ मध्ये परत पाठवलं. त्यात खासदारांच्या खुर्च्यांचा प्रश्न होता. कायमच्या कायद्यापुढे मात्र त्यांचं पेन अडलं नाही, आणि आपणही त्यांना विचारलं नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००८ च्या डिसेंबरअखेर यूएपीएतला जामीन आणखी अवघड झाला आणि आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत डांबायची सोय झाली. सही प्रतिभाताई पाटलांची, म्हणजे आपल्या जळगावची.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या मागे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची ढाल नसते, म्हणून तिथला अपेक्षाभंग अधिक उघडा. बराक ओबामा यांनी सूत्रं घेतल्यावर दोनच दिवसांनी, २२ जानेवारी २००९ ला, ग्वांतानामोचा तुरुंग वर्षात बंद करायचा आदेश काढला. आठ वर्षांनी ते गेले तेव्हा तिथे ४१ कैदी होते. १ डिसेंबर २००९ ला अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक पाठवायची घोषणा आणि १० डिसेंबरला ऑस्लोत शांततेचं नोबेल, असा योगही त्यांनी साधला. ३१ डिसेंबर २०११ ला, संशयितांना अमर्याद काळ लष्करी कैदेत ठेवता येईल असं कलम असलेल्या विधेयकावर त्यांनी सही केली. सोबत आपला गंभीर आक्षेपही लिहून ठेवला. कैद्याला आक्षेपाचा उपयोग काय? १८ सप्टेंबर २००१ चा युद्धाच्या परवानगीचा ठरावही तिथे अजून जिवंत आहे. त्यातही दुसरी तारीख नाही.

सगळं खापर सहीवर फोडता येत नाही, हेही परभणीनंच दाखवलं. १० डिसेंबर २०२४ ला, मानवी हक्क दिनीच, रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांमध्ये पोलिसांची धरपकड. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. श्वसनाचा आजार होता, असं विधानसभेत सांगितलं गेलं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे धक्का बसल्याची नोंद होती. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला लावला आणि सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश कायम ठेवला. इथे पोटा नव्हता, यूएपीए नव्हता, युद्ध तर नव्हतंच. कोठडी तेवढी तीच होती.

भारतानं छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ च्या ऑक्टोबरात सही केली, नारायणन राष्ट्रपती असतानाच. त्याला अंतिम मान्यता द्यायचं आणि देशाच्या कायद्यात तो उतरवायचं काम राहून गेलं. २०१० मध्ये लोकसभेनं छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, ते पुढे व्यपगत झालं. अडवायला हव्या त्या सह्या झटपट झाल्या; ही एक हवीशी होती, ती अर्धी राहिली.

पुढच्या आठवड्यात : दयेचे अर्ज आणि राष्ट्रपतींच्या टेबलावरची वर्षं.